पट्टा ताईच्या दंडाला

बॅग आम्ही दोघांनी उचलली. एका बाजूनं ती, एका बाजूनं मी. पिठाच्या गिरणीतल्या काट्यावर नेऊन ठेवली. विमानात ठरावीक वजनाच्या वर चालत नाही, म्हणून काकूंनी आधी मोजायला लावली होती. त्यांची गाडी गिरणीच्या दारात उभी होती.

सगुणा हसली. म्हणाली, "आवो, मला बी तोला. बॅगंतच बसते. तिकीट वाचंल काकूंचं."

सगुणा माझी बायको. बाळंतिणीला आणि बाळाला तेल लावून रगडायचं, न्हाऊ घालायचं, शेक द्यायचा, हे तिचं काम. ती मस्कतला चालली होती. काकूंची मुलगी केतकीताई तिकडं बाळंत होणार होती.

काटा जास्त दाखवत होता. काकूंनी बॅग उघडली. वर डिंकाचे लाडू, हळीव, बाळंतशेपा, ओवा, खारकेची पूड, तुपाची बरणी, दुपटी. सगळं ताईचं. खाली सगुणाची गोधडी आणि लुगडी. काकूंनी लाडवांचा डबा उचलला, हातात जरा तोलला, परत जागेवर ठेवला. गोधडी काढली. काट्याकडं बघितलं. एक लुगडं काढलं. मग बाजूच्या कप्प्यातनं गोळ्यांची पुडी निघाली. सगुणाच्या रक्तदाबाच्या गोळ्या, सरकारी दवाखान्यातल्या. गोळ्यांना काय वजन असतं. तरी काढल्या.

"ह्यांना डॉक्टरची चिठ्ठी लागते, सगुणाबाई. विमानतळावर धरतात. केतकी तिथं घेऊन देईल. जावईबापूंच्या कंपनीचं कार्ड आहे ना, डॉक्टर-नर्स घरी येतात."

"बरं, राहू द्या," सगुणा म्हणाली.

गोधडी, लुगडं, पुडी माझ्या हातात आली. हमालाच्या हातात देतात तशी. हमालच होतो म्हणा. प्रवरेकाठच्या बेलापूरच्या बाजारात जन्मभर पोती वाहिली. ती गाडीत पुढं बसायला गेली तर काकू म्हणाल्या, "मागं बसा, बॅगेला हात धरून. तूप सांडेल." ती मागं बसली. गाडी गेली.

आम्ही दोघांनी मिळून केलेलं ते शेवटचं काम.

आमच्या आळीतल्या बायांनी गावातली घरं वाटून घेतलेली आहेत. आज नाही, आज्या-पणज्यांपासून. हे घर हिचं, ते घर तिचं. त्या घरात पोर जन्मलं की हिनंच जायचं. दुसरीनं पाऊल टाकायचं नाही. सरांचं घर आमच्याकडं. सर म्हणजे काकूंचे मालक, कॉलेजात शिकवायचे. माझ्या आईनं सरांच्या आईचं बाळंतपण केलं. सर जन्मले ते माझ्या आईच्या हातात. केतकीताई जन्मली ती सगुणाच्या पायावर न्हाली. आम्ही आळीत छाती काढून सांगायचो, सरांचं घर आपलं हाय. घर त्यांचं. आपलं म्हणायचो आम्ही. दिवाळीला मागच्या दारी फराळ मिळायचा. आमचा मुलगा दत्तू, त्याला नागापूरच्या कारखान्यात लावला तो सरांच्या शब्दानं. तेवढ्यात आमचं पोट भरायचं आणि मानही भरायचा.

म्हणून सगुणा गेली. तिला कुणी ढकललं नाही. ती म्हणाली, "ज्या पोरीला मी पायावर घेतलं तिचं पोर बी मीच घेनार." तिला विमानाचंही होतंच थोडं. आळीत विमानात बसणारी ती पहिली.

तिकडनं फोन यायचा ताईच्या मोबाईलवरनं. इकडं सविताच्या मोबाईलवर. सविता माझी सून. सगुणाच्या हाताखाली हे काम तीही शिकली. तिला एक पोरगी आहे, छकुली, अजून अंगावर पिते.

पहिले काही फोन मजेचे होते. सगुणा म्हणायची, "आवो, हितं घरात बी गार, गाडीत बी गार. मी फिरिजातली भाजी झाले." एकदा बाळाला धुरी द्यायला वाटीत ओवा जाळला तर छताला घंटी वाजायला लागली. वरच्या-खालच्या मजल्यावरची माणसं बाहेर. ती सांगताना हसून लोळत होती. "आख्खं गाव गोळा केलं म्या ओव्यापायी."

मग एक फोन आला तो असा. मी जसाच्या तसा सांगतो. त्या दिवशी मोबाईल माझ्याच हातात होता.

"गोळ्या घेऊन दिल्या का ताईनं?" मी विचारलं.

"सांगितलं मी. म्हनली बघू. इसरली आसंल. आताच बाळंतीन झालीय, तिच्या डोक्यात काय काय हाय."

"डोकं दुखतंय का?"

"दुखतंय. मागच्या अंगाला. ताईनं पांढरी गोळी दिली. म्हनली, मावशी, पानी प्या, ए.सी.ची सवय न्हाई तुमाला." मग म्हणाली, "आज बाई आलती दवाखान्याची. घरीच येती. ताईच्या दंडाला पट्टा लावला, फुगवला. बाळाचं डोकं मोजलं, वजन केलं. बाळाला उचकी लागली तरी इचारून घेत्यात फोनवर. मी म्हनलं, बाई, माज्या बी दंडाला लाव की. ती लावाय बी निघाली. ताई म्हनली, नको. मावशी, त्या फक्त कार्डवाल्यांचं बघतात. तुमचं नाव त्यात नाही. वेगळं बिल लागतं."

"मग?"

"मंग काय. बाईनं पट्टा गुंडाळला."

मी काय म्हणायला पाहिजे होतं? बरं, म्हणालो. पट्टा त्याच खोलीत. नर्स त्याच खोलीत. सगुणाचा दंडही त्याच खोलीत. हातभर अंतर.

पुढचा फोन काकूंचा आला. बेलापुरातनंच. दुपारी. मी ओट्यावर होतो. सवितानं मोबाईल कानाला लावून दिला.

काकू म्हणाल्या, "बाळ अगदी सुखरूप आहे हं. पहिल्यांदा तेच सांगते. काही काळजी करू नका. बाळाला खाली ठेवल्यावर त्या पडल्या."

मी म्हणालो, "कोन पडलं?"

"सगुणाबाई. न्हाणीघरात. दवाखान्यात नेलं. मेंदूत रक्तस्राव झाला होता. गेल्या."

आधी बाळ. मग ती. ज्या क्रमानं बातमी आली त्याच क्रमानं सांगतो.

मी मोबाईल सविताला दिला. ती रडायला लागली. मी रडलो नाही. मला चहा पाहिजे होता. तसं वाटलं याची नंतर लाज वाटली असंही नाही. काहीच वाटत नव्हतं. पोतं पाठीवर फार वेळ राहिलं की पाठ जाते ना, तसं.

पेटी मुंबईला उतरली. तिथनं गाडीनं गावात. सगळी धावपळ सरांनी केली. हे खरं आहे, ते मी नाकारत नाही. पेटीवर तिचं नाव इंग्रजीत होतं. आयुष्यात तिचं नाव कुठं असं ठळक लिहिलं गेलं नव्हतं. पेटी उघडली तेव्हा मी तिचे हात बघितले. बोटं वाळलेली. तेलाचे हात होते ते. कधी कोरडे बघितले नव्हते.

दहावा प्रवरेवर झाला. आमच्याकडं दहाव्याला माणूस जमतं. प्रवचन असतं, माईक असतो, पुढारी असला तर दोन शब्द बोलतो. सगुणाच्या दहाव्याला सर आले म्हणून गाव जास्त जमलं. माझं डोकं भादरलेलं. नदीला पाणी गुडघ्याएवढं.

पिंड ठेवला. कावळे बाभळीवर होते. एकही खाली येईना.

सगळ्यांना माहीत आहे, कावळा शिवला नाही की माणसाचं मन कशात तरी अडकलंय. मग नातेवाइकांनी पुढं व्हायचं आणि शब्द द्यायचा. दत्तू पुढं झाला. म्हणाला, "आये, छकुलीला शिकवीन." कावळा हलला नाही. माझा मेव्हणा म्हणाला, "सगुने, दाजींना मी अंतर देनार न्हाई." नाही. कुणीतरी मला म्हणालं, तुमी बोला. मी पुढं गेलो. तोंड उघडलं. शब्द आला नाही. मागं सरलो.

ऊन चढलं. माणसं चुळबुळ करायला लागली. तेव्हा सरांनी माईक घेतला.

सर माझ्यापेक्षा लहान. मला अरे-तुरे करतात. मी अहो-जाहो करतो. ते म्हणाले, "ह्याला सावलीत बसवा आधी." मला बसवलं. मग बोलले. "सगुणाबाई कामवाली नव्हती. ती आमच्या घरातली होती. माझी मुलगी तिच्या मांडीवर वाढली. माझा नातू तिच्या हातात होता, शेवटच्या क्षणापर्यंत. आपला जीव गेला पण तिनं बाळाला धक्का लागू दिला नाही. असं इमान आता बघायला मिळत नाही." त्यांचे डोळे भरले. खोटं सांगणार नाही, खरंच भरले. मग ते पिंडाकडं वळले. हात जोडले. "बाई, तुझं मन कशात अडकलंय ते मला कळतंय. बाळंतपण अर्धवट राहिलं. तू काळजी करू नको. तुझी सून सविता मस्कतला जाईल. बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत तीच बघेल. हा माझा शब्द."

आणि कावळा उतरला.

चोच मारली. दुसरा आला. तिसरा आला.

"शिवला, शिवला!" सगळा घाट ओरडला. बायांनी डोळ्याला पदर लावले. शेजारचा म्हातारा माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "बघ, काय बाई हुती. मेली तरी जीव बाळातच." सरांनी माईक ठेवला. काकू सविताजवळ गेल्या. तिचा हात धरला. "उद्या सकाळी गाडी पाठवते. पासपोर्टचं काम लगेच करून घेऊ."

सविताला कुणी विचारलं नाही. मलाही नाही. कावळ्याला विचारलं.

घरी आलो. संध्याकाळी दत्तू म्हणाला, "आबा, आता माघार कशी घ्यायची? समद्या गावाम्होरं शिवला. आईची विच्छा हाय."

सविता छकुलीला पाजत होती. पदराआडनं म्हणाली, "आनि हिचं काय?"

"काकू म्हनल्या, डब्याचं दूध त्या देतील. लागंल तेवढं."

"आनि त्यांचं पोर काय पितं?"

सविताच म्हणाली, "त्या दवाखान्याच्या बाया ताईला शिकवायला येत्यात, पोराला कसं धरायचं, कसं पाजायचं. आत्याबाईच सांगत हुत्या फोनवर. सा म्हैने वरच्या दुधाचा थेंब द्यायचा न्हाई म्हनं."

"तू उगा फाटं फोडू नको. माजी नोकरी सरांच्या शब्दावर हाय."

"मी काय म्हनले? मी फकस्त इचारलं."

मी भाकरी खात होतो. घास तोंडात होता. त्यांच्या पोराला आईचं. आमच्या पोराला डब्यातलं. त्यांच्या पोरासाठी आमच्या पोराची आई उचलायची. सगुणाला उचलली. आता हिला. तिकडं जाऊन हिचं डोकं दुखलं तर पांढरी गोळी. पट्टा त्याच खोलीत. हातभर अंतरावर.

घास खाली गेला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कळलं की भाकरी खारट झालीय.

दत्तूला म्हणालो, "सविता जानार न्हाई."

"आबा, तुमाला दुखातनं सुचंना झालंय."

"आताच सुचाय लागलंय."

सकाळी गाडी आली. काकू स्वतः आल्या होत्या, पुढच्या सीटवर. काच खाली केली.

"सविता तयार झाली का?"

"न्हाई," मी म्हणालो. "ती येनार न्हाई."

"का? बरं नाही का तिला?"

"बरी हाय. येनार न्हाई."

काकूंना वाटलं मी दुःखात आहे. आवाज मऊ केला. "अहो, काल सगळ्यांच्या समोर कावळा शिवला. सगुणाबाईंचीच इच्छा होती ती. त्यांच्या आत्म्याला काय वाटेल?"

मी म्हणालो, "कावळ्याला भूक लागली हुती."

काकू बघतच राहिल्या. ड्रायव्हर खाली बघायला लागला. आळीतल्या दोन-चार बाया दारात आल्या होत्या, त्यातल्या एकीनं तोंडावर हात ठेवला. दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी नवऱ्यानं असं बोलायचं नसतं. मला माहीत आहे.

मी पुढं बोललो. आवाज चढवला नाही. चढत नव्हताच. "सगुनाला काय पायजे हुतं ते ती जित्ती आसतानी बोलली. तुमच्या ताईला बोलली. माज्या दंडाला बी पट्टा लाव म्हनली. तेवडीच विच्छा हुती. ती सांगायला कावळा कशाला?"

"ते... अहो, त्याचे नियम असतात. केतकीच्या हातात नव्हतं. ते कार्ड फक्त कुटुंबासाठी असतं."

"काल सर म्हनले घरातली हाय."

काकूंचा आवाज बदलला. मऊपणा गेला. "आम्ही एवढं केलं, पेटी आणली, आणि तुम्ही हे बोलता? दत्तूचं काय करायचं ते सर बघतील मग."

"बघू द्या. आनि अजून एक सांगा सरांना. तुमचं घर आमी सोडलं."

आमच्या आळीत घर सोडलं असं कुणी कधी म्हटलेलं नाही. घरावरनं भांडणं झालीत, झिंज्या उपटल्यात. सोडलं कुणी नाही. दारातल्या बायांना ते पट्टा-कार्डापेक्षा जास्त लागलं. एक म्हणाली, "म्हाताऱ्याचं डोकं फिरलं."

काकूंनी काच वर करता करता ड्रायव्हरला सांगितलं, "पुढे घे. यमुनाचं घर कुठलं? तिला विचारू. आपलं काय अडलंय."

यमुना आमच्या आळीतलीच. मोकळं झालेलं घर तिला मिळणार होतं. गाडी चार दारं पुढं गेली. आळी अरुंद आहे, गाडी हळूच जाते. मी चालत गेलो. माझ्या आधी गाडी पोचली नाही. मी यमुनाच्या उंबऱ्यावर बसलो.

यमुना आतनं आली. तिनं सगळं ऐकलं होतं. लुगड्याला हात पुशीत म्हणाली, "उठा. सकाळी सकाळी बोडकं डोस्कं घेऊन माज्या दारात कशाला बसलाय?"

"तू जानार हायेस का?"

"जानार. तुमी सोडलं, मी घेतलं. विमानात काय तुमच्याच घरच्यांनी बसायचं व्हय?"

"जा. कारडावर नाव चढव आदी. मंग जा."

"तुमी कोन मला आडवनार? माजा दीर का सासरा?"

"कुनी न्हाई."

"मंग सरका."

मी सरकलो नाही. तिनं मला ओलांडून जायचं म्हटलं असतं तर गेली असती, मी म्हातारा. पण आमच्यात बाई म्हाताऱ्या माणसाला ओलांडत नाही. ती दारात अडली. काकू गाडीतनं उतरल्या. आमच्या आळीत त्या कधी उतरल्या नव्हत्या.

"काय तमाशा आहे हा?"

"फोन लावा ताईला," मी म्हणालो. "इचारा. यमुनाचं नाव कारडावर चढतंय का? तिचं डोकं दुखलं तर दवाखान्याची बाई तिला पट्टा लावनार का? व्हय म्हनली तर आत्ता उठतो."

"सांगितलं ना, तसं होत नाही. कुटुंबासाठी असतं ते."

"मंग बाळाला कुटुंबानं रगडावं."

यमुना माझ्याकडं बघत होती, मग काकूंकडं, मग परत माझ्याकडं. काकूंनी पर्स काखेत घट्ट धरली आणि गाडीत बसल्या. आळीत गाडी वळत नाही. ड्रायव्हरनं ती मागं मागं नेली, पार रस्त्यापर्यंत.

यमुनानं मला शिव्या घातल्या. नीट, मोठ्यानं, आळीला ऐकू जातील अशा. "माजं काम घालवलंस, मेल्या. सोता सोडलंस, मला बी खाऊ दिलं न्हाईस. तुज्या बायकूला न्हाई जमलं म्हनून मी बी मरनार काय?"

"व्हय," मी म्हणालो. "घालवलं तुजं काम."

ती आत गेली. दार लावून घेतलं. दत्तू आमच्या दारात उभा होता, माझ्याकडं बघत नव्हता. सविता छकुलीला कडेवर घेऊन आली. उठा म्हणाली नाही. पाण्याचा तांब्या माझ्याजवळ ठेवला आणि गेली.

मी पाणी प्यालो. गाडी उद्या परत येईल. नाहीतर दुसऱ्या कुणाची येईल. पुण्याच्या गाड्या येतात, मुंबईच्या येतात, आता परदेशातल्यांच्याही येतात. जिच्या दारात येईल तिच्या दारात मी बसणार.